एक लाल स्टार आणि 30 दिवसांची मुदत: सरकारी आयटी लोकांच्या प्रशिक्षण वर्गाचं एक प्रकरण

सरकारी खात्यांतल्या आयटी लोकांना मी एंटरप्राइझ आर्किटेक्चर शिकवतो. पहिल्या तुकडीचा वर्ग छान झाला होता. पाच दिवस, वेगवेगळ्या खात्यांतले पंचवीसेक जण, शेवटच्या दिवशीच्या चाचणीत बहुतेक सगळे पास. अभिप्रायाच्या कागदांवर "उपयुक्त", "कालावधी वाढवावा" असे शेरे. चार महिन्यांनी त्या वर्गातल्या एका तरुण अभियंत्याने आपल्या खात्याच्या नव्या निविदेचा मसुदा माझ्याकडे नजरेखालून घालायला पाठवला. शेतकऱ्यांचे अर्ज घेणारी प्रणाली होती. चाळता चाळता एका तक्त्यात ओळ सापडली: "गावांची मास्टर यादी सेवा पुरवठादार तयार करील." गावांच्या जेवढ्या याद्या सरकारी संगणकांत आधीच फिरतायत, त्यांत आणखी एकीची भर. आणि हा मुलगा कच्चा नव्हता. डेटा रेफरन्स मॉडेल (सगळ्यांनी माहिती कोणत्या सामाईक रूपात ठेवायची याचा नमुना) म्हणजे काय, हे वर्गात सगळ्यांत नेटकं त्यानेच सांगितलं होतं.

ती चूक मी माझ्या नावावर लिहून घेतली. व्याख्या शिकवली होती. त्याच्या रोजच्या टेबलावर ती कुठे येऊन टेकते हे दाखवलंच नव्हतं. दुसऱ्या तुकडीसाठी मांडणी मुळापासून बदलली. पुढे आहे ते त्या दुसऱ्या वर्गाचं प्रकरण. आयोजक खातं, जिल्हा आणि माणसं यांची नावं मुद्दाम गाळली आहेत. कायदे, मुदती आणि नमुने आहेत तसेच आहेत.

आधी काय शिकवत होतो

एंटरप्राइझ आर्किटेक्चर हे नाव मोठं आहे, काम समजायला सोपं आहे. संस्थेत काम कसं चालतं, त्याला कोणती माहिती लागते, ती माहिती कोणत्या प्रणालीत राहते, त्या प्रणाली कोणत्या यंत्रांवर चालतात, आणि या चार गोष्टी एकमेकींना कुठे भिडतात, याचा एकच नकाशा करायचा. मग पुढचा खर्च तो नकाशा समोर ठेवून करायचा.

पहिल्या तुकडीला मी हे इतिहासाच्या वाटेने सांगितलं. आयबीएममधले जॉन झॅकमन यांनी 1987 मध्ये माहिती प्रणालींच्या आर्किटेक्चरची चौकट मांडणारा लेख लिहिला, तिथून. टोगॅफ ही आज जगभर शिकवली जाणारी पद्धत 1995 मध्ये आली ती अमेरिकेच्या संरक्षण खात्याने केलेल्या कामाच्या पायावर. 1996 च्या क्लिंगर-कोहेन कायद्याने तिथल्या केंद्रीय खात्यांच्या मुख्य माहिती अधिकाऱ्यावर आर्किटेक्चर तयार करण्याची आणि चालू ठेवण्याची जबाबदारी टाकली. म्हणजे हा विषय सरकारच्या दारात बाहेरून आलेला नाही. सरकारी पैशाची एकच कामावर दोनदा उधळण होऊ नये, या काळजीतूनच तो बराचसा वाढला.

आपल्याकडे 2006 च्या राष्ट्रीय ई-शासन आराखड्याने खातेवार मिशन मोड प्रकल्प (ठरलेलं उद्दिष्ट आणि मुदत असलेले प्रकल्प) दिले. त्यामुळे संगणकीकरण झालं, वेगाने झालं, पण ज्याच्या त्याच्या कुंपणाच्या आत. आंध्र प्रदेशाने ई-प्रगती या नावाने आख्ख्या राज्याचं आर्किटेक्चर करायला घेतलं, आणि 2018 मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने इंडईए ही चौकट आणली. त्यात आठ रेफरन्स मॉडेल आहेत: कामगिरी, कामकाज, डेटा, ॲप्लिकेशन, तंत्रज्ञान, जोडणी, सुरक्षा आणि शासन.

ही आठ नावं पहिल्या तुकडीला पाठ झाली होती. निविदेत गावांची यादी मात्र पुन्हा नवी.

फाईल

दुसऱ्या वर्गाच्या पहिल्या सकाळी प्रोजेक्टर लावला नाही. महसूल, कृषी, ग्रामविकास, आरोग्य आणि कोषागार इथल्या संगणक कक्षांतले लोक होते, दोन जिल्ह्यांचे आयटी समन्वयक होते, आणि बाहेरच्या सल्लागार कंपन्यांकडून येऊन खात्यात बसणारे चौघे. पाच टेबलं लावली आणि एका खात्याचे दोघे एका टेबलावर येणार नाहीत अशी वाटणी केली. प्रत्येक टेबलावर एकाच फाईलची झेरॉक्स.

फाईल एका मयत शेतकऱ्याची होती. विहिरीवरची मोटर चालू करताना विजेचा धक्का लागून तो गेला. मागे बायको, दोन मुलं, सासू. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अशा मृत्यूनंतर कुटुंबाला 2 लाख रुपये मिळतात. प्रस्ताव 30 दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जायला हवा. सोबत सातबारा, मृत्यूचा दाखला, तलाठ्याकडच्या गाव नमुना 6-क प्रमाणे मंजूर झालेली वारस नोंद, वयाचा पुरावा, पोलिसांचा प्रथम माहिती अहवाल किंवा पंचनामा. या बाईंचा प्रस्ताव "मुदतबाह्य" असा शेरा मारून परत आला होता.

झेरॉक्सवर नावांच्या जागी मी पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या होत्या आणि पट्टीवर एक एक अक्षर लिहिलं होतं. नाव आणि त्याचं लेखन तंतोतंत एकच असेल तिथे एकच अक्षर. मयताच्या एकट्या नावासाठी क, ख, ग आणि घ अशी चार अक्षरं लागली. सातबारावर एक, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकावर आडनाव आधी असलेलं तिसरं, आणि पंचनाम्यात गावातल्या हाकेच्या नावासकट "उर्फ" लावलेलं चौथं. दत्तात्रय, दत्तात्रेय, दत्तू, दत्ता: मराठी माणसाच्या नावाचं असं होतं हे आपल्याला नवं नाही. संगणकाला मात्र ती चार माणसं.

काम एवढंच दिलं: या बाईंना कोणकोणत्या दारात जावं लागलं आणि प्रत्येक दारात कोणती नोंद झाली, हे खाकी कागदावर काढा. संध्याकाळपर्यंत संगणकाचं नाव काढायचं नाही.

सुरुवातीला चुळबुळ झाली. कोषागारातले एक जण म्हणाले, "सर, आम्ही सिस्टिमचे लोक. हे तर क्लार्कचं काम झालं." त्यांचं म्हणणं मला समजत होतं. वीस वर्षं ज्याने सर्व्हर सांभाळला त्याला विधवेचे हेलपाटे मोजायला लावले की ते कमीपणाचं वाटू शकतं. मी फक्त म्हटलं, दुपारपर्यंत करून बघा.

दुपारपर्यंत भिंतीवर नऊ दारं उभी राहिली. पोलीस ठाणे. शवविच्छेदनासाठी ग्रामीण रुग्णालय. विजेचा अपघात म्हणून विद्युत निरीक्षक. मृत्यू नोंदवायला ग्रामपंचायत. वारसासाठी तलाठी (पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, वर्गात सगळे तलाठीच म्हणत होते, मीही तसंच लिहितो). मंजुरीला मंडळ अधिकारी. तालुका कृषी कार्यालय. पीककर्ज आणि खात्यासाठी बँक. मोटरचं कनेक्शन मयताच्या नावावर, म्हणून वीज कंपनी. पाच खात्यांच्या माणसांनी आपापलं दार काढलं होतं, आणि शेजारच्या दारात काय घडतं हे बहुतेकांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसत होतं. आरोग्य खात्यातल्या मॅडमना मृत्यू नोंदणीची प्रणाली पाठ होती. तो दाखला पुढे किती ठिकाणी झेरॉक्स होऊन जोडला जातो हे त्यांनी भिंतीवर मोजलं. सहा ठिकाणी.

21, 15 आणि 30

दुसऱ्या दिवशी प्रत्येक दाराखाली कायद्याची मुदत लिहायला सांगितली. हे काम कंटाळवाणं होईल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच, आख्ख्या आठवड्यातला सगळ्यात जिवंत तास तो.

जन्म-मृत्यू नोंदणी कायदा 1969 चा. मृत्यूची खबर 21 दिवसांत द्यायची. पुढे जमीन महसूल संहिता, 1966. कलम 149 प्रमाणे वारसाने हक्क मिळाल्याची वर्दी तलाठ्याला तीन महिन्यांत द्यायची. वर्दी आली की 6-क च्या वारस नोंदवहीत नोंद, स्थानिक चौकशी, मंडळ अधिकाऱ्याचा वारस ठराव. मग कलम 150 खाली गाव नमुना 6 मध्ये फेरफार, हितसंबंधितांना नोटीस, हरकतीसाठी 15 दिवस, आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकाऱ्याचं प्रमाणीकरण. तेव्हा कुठे सातबारावरचं नाव बदलतं.

एका समन्वयकाने स्केचपेनने खाली बेरीज केली. घरच्यांनी मृत्यू नोंदवायची पूर्ण मुदत घेतली तर 21. नोटिशीचे 15. झाले 36. शेजारी योजनेची मुदत: 30.

वर्ग गप्प झाला. मग महसूलमधले एक अनुभवी गृहस्थ उठले आणि म्हणाले, "थांबा. हे गणित चुकीचं आहे. योजनेला 6-क ची मंजूर वारस नोंद लागते. ती वारस ठरावाला मिळते, फेरफाराच्या आधी. 15 दिवसांची नोटीस त्यानंतरची. तिचा या अर्जाशी संबंधच नाही."

त्यांचं बरोबर होतं. मग ही फाईल मुदतबाह्य का झाली? सगळे पुन्हा झेरॉक्सवर वाकले. शेवटून तिसऱ्या पानावर उत्तर होतं. त्या जिल्ह्याने अशा प्रस्तावांचा मागोवा ठेवायला स्वतःपुरती एक छोटी प्रणाली करून घेतली होती. तालुक्याचा ऑपरेटर प्रस्ताव तिच्यात भरायचा, आणि तिच्यात भरला गेला त्या दिवशी तो "प्राप्त" धरला जायचा. पडद्याचं छापील चित्र फाईलला लावलेलं होतं. एका रकान्याचं नाव होतं "वारस फेरफार क्र.", आणि त्याच्यापुढे लाल स्टार. भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

म्हणजे कायद्याने मागितलेला कागद बाईंच्या हातात वेळेत होता. पडदा मागत होता तो कागद अजून जन्माला यायचा होता. त्यांना "फेरफार मंजूर करून आणा" म्हणून परत पाठवलं गेलं, नोटिशीचे 15 दिवस सरले, आणि त्या पुन्हा आल्या तोवर तिसावा दिवस मागे पडला होता.

चौथ्या टेबलावरचा एक मुलगा तेव्हा हळूच म्हणाला, "सर, असाच रकाना मी पण बनवलाय. आमच्या सिस्टिममध्ये." ही प्रणाली त्याची नव्हती, जिल्हाही वेगळा. पण त्याला आपला पडदा आठवला. आवश्यकतेच्या कागदात "वारस नोंदीचा तपशील" एवढंच लिहिलं होतं. विचारायला कुणी नव्हतं, गो-लाइव्हची, म्हणजे प्रणाली सुरू करायची तारीख डोक्यावर. फेरफार क्रमांक हा नेमका आकडा असतो, तपासायला सोपा, म्हणून त्याने तो घेतला आणि सक्तीचा केला. "डेटा स्वच्छ यावा म्हणून," तो म्हणाला. त्याच्या हेतूत काडीची खोट नव्हती.

मी त्या क्षणी काही शिकवलं नाही. चहाची सुट्टी दिली. चहाला तो मुलगा आणि महसूलमधले ते गृहस्थ बाहेरच्या कट्ट्यावर उभे राहून बोलत होते, आणि सुट्टी संपली तरी बोलतच होते. 6-क आणि 6 यांतला फरक त्याला आयुष्यात कुणी सांगितला नव्हता. सांगायला पंधरा मिनिटं लागली.

जुळलेली एक कडी, न जुळलेली दुसरी

तिसऱ्या दिवशी प्रणाली भिंतीवर आणल्या. इथे महाराष्ट्रातलंच एक चांगलं उदाहरण हाताशी होतं. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदलं की त्याची माहिती नोंदणी विभागाच्या आय-सरिता प्रणालीतून ई-फेरफारमध्ये जाते, आणि तलाठ्याच्या लॉगिनला फेरफाराचं काम येऊन पडतं. खरेदीदाराने वेगळी वर्दी देण्याची गरज उरत नाही. दोन कार्यालयांमधली ही जोडणी वर्गातल्या सगळ्यांना माहीत होती. पण तिच्याकडे आर्किटेक्चर म्हणून कुणी पाहिलं नव्हतं. विकत घेतलेली जमीन आपोआप पुढे सरकते. बाप मेल्यावर आलेली जमीन माणसाने स्वतः जाऊन सांगितल्याशिवाय सरकत नाही. वारसाला ई-हक्क या महसूलच्या ऑनलाइन सेवेवर घरबसल्या अर्ज करता येतो, पण अर्ज त्यालाच करावा लागतो. मृत्यूची नोंद एका प्रणालीत शांतपणे पडून असते आणि सातबारावर मयताचं नाव दुसरीकडे शांतपणे पडून असतं.

याचं प्रमाण केवढं आहे हे त्या वर्षी सगळ्यांनीच पाहिलं होतं. "जिवंत सातबारा" ही मोहीम बुलढाणा जिल्ह्यात सुरू झाली आणि 1 एप्रिल 2025 पासून राज्यभर राबवली गेली. गावोगावी चावडी वाचन करून मयत खातेदारांच्या याद्या करायच्या आणि वारसांची नावं लावायची. मोहीम गरजेची होती, तलाठ्यांनी त्यासाठी राबराब राबून काम केलं. पण याद्या कशाने केल्या? सातबारा मोठ्याने वाचून, आणि "हा गेला", "हा गेला" असं गावाने सांगून. जी माहिती सरकारच्याच दुसऱ्या नोंदवहीत होती ती सरकारने गावाला विचारून गोळा केली.

मला वाटतं, एंटरप्राइझ आर्किटेक्चर का हवं हे सांगायला याहून चांगलं उदाहरण कुठल्याही परदेशी पुस्तकात मिळणार नाही. मोहीम आजच्या मयतांची नावं काढते. उद्या जो जाईल त्याच्यासाठी कडी लागते.

कडी कायद्याने आता शक्यही आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात 2023 मध्ये दुरुस्ती झाली, ती 1 ऑक्टोबर 2023 पासून अमलात आहे. राष्ट्रीय पातळीवर या नोंदींचा साठा ठेवायचा आणि मतदार यादी, आधार, शिधापत्रिका, मालमत्ता नोंदणी अशा इतर नोंदसाठ्यांना तो मंजुरी घेऊन देता येईल, अशी त्यात तरतूद आहे. पाचही टेबलं लगेच एपीआयचे, म्हणजे एका प्रणालीतून दुसरीत आपोआप माहिती नेणाऱ्या जोडण्यांचे बाण काढायला लागली. आणि दहा मिनिटांत अडली.

कुठे? मृत्यूच्या नोंदीत गाव आहे, सातबारावरही गाव आहे. पण दोन्हीकडचं गाव एकच हे कशावरून धरायचं? मी प्रत्येक खात्याच्या लोकांना त्यांच्या प्रणालीतल्या एकाच तालुक्यातली दहा गावं लिहून आणायला सांगितली होती. ती शेजारी शेजारी लावली. एका यादीत "बुद्रुक", दुसरीत "बु.", तिसरीत "बु" च्या पुढे दोन उभ्या दांड्या, चौथीत इंग्रजी बीके. खुर्दचं तेच. एका जुन्या यादीत तर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधून आलेली अक्षरं, वेलांट्या उडालेल्या. कोडचा रकाना कुठे 2001 च्या जनगणनेचा, कुठे 2011 चा, कुठे खात्याने स्वतः पाडलेला अनुक्रमांक. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी प्रत्येक गावाला एक कोड देते, ती सगळ्यांना ऐकून माहीत होती. पाचपैकी दोघांच्या प्रणालीत तो कोड होता, आणि त्यातल्या एकीत तो भरायची सक्ती नव्हती.

फेरफार क्रमांकावर लाल स्टार, गावाच्या कोडवर नाही. कुणीतरी हे वाक्य मोठ्याने म्हटलं आणि दुसऱ्या कुणीतरी ते खाकी कागदावर लिहिलं. माझ्या पाच दिवसांच्या टिपणांत इतकं नेमकं वाक्य नव्हतं.

मालक कोण

चौथ्या दिवशी इंडईएची आठ मॉडेल आणली, तीही भिंतीवरच. कोणता कागद कोणत्या मॉडेलमध्ये बसतो ते लोकांनी लावलं. नऊ दारं म्हणजे कामकाज, चार अक्षरांचं नाव आणि गावाचा कोड म्हणजे डेटा, आय-सरिता ते ई-फेरफार म्हणजे जोडणी. दीड तासात झालं. पहिल्या तुकडीला हेच शिकवायला मी दोन दिवस घेतले होते. टोगॅफच्या टप्प्यांना अर्धा तास दिला आणि तेवढा पुरला. ज्यांना परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायचंय त्यांनी जरूर घ्यावं. प्रत्येक राज्यात ही पद्धत खोलवर जाणणारे दहा-वीस लोक हवेतच. बाकीच्या शेकडो अभियंत्यांना शेजारच्या खात्याचा नमुना वाचता आला तर त्याचा उपयोग जास्त, असं माझं आता ठाम मत आहे.

खरा वाद पेटला तो आठव्या मॉडेलवर, शासनावर, म्हणजे कोणत्या गोष्टीचा निर्णय कुणाचा यावर. प्रश्न साधा होता: "शेतकऱ्याचं नाव" या माहितीचा मालक कोण? महसूलवाले म्हणाले, आम्ही, सातबारा आमचा. कृषीवाले म्हणाले, सातबारावर खातेदार असतो, शेती करणारा असेलच असं नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः पीक नोंदवतो, जमिनीत प्रत्यक्ष काय चाललंय ते तिथे दिसतं. सल्लागार कंपनीतली एक मुलगी म्हणाली, आधार आहे ना, मग वाद कशाला? त्यावर आरोग्यच्या मॅडम म्हणाल्या, माणूस गेला हे आधारला कोण सांगणार?

हा वाद मी मिटवला नाही, कारण मिटवायचा अधिकार त्या खोलीतल्या कुणालाच नव्हता. सरकारी तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणातली सगळ्यात मोठी अडचण मला इथेच दिसते. नकाशा काढणारे वर्गात असतात, नकाशावर सही करणारे मंत्रालयात असतात. वर्गातल्या माणसाने परत जाऊन "साहेब, आपली गावांची यादी आपण बंद करू आणि दुसऱ्या खात्याची वापरू" म्हणायचं, तर त्यामागे साहेबांनाही काहीतरी ऐकलेलं असायला हवं. त्यामुळे पाचव्या दिवशी आयोजक खात्याच्या मदतीने चार खात्यांचे अधिकारी दोन तासांसाठी बोलावले. तिघे आले.

त्यांना सादरीकरण दाखवलं नाही. भिंतीपाशी उभं केलं. समन्वयकाने बाईंच्या पहिल्या दारापासून सुरुवात केली आणि प्रत्येक दाराशी त्या त्या खात्याचा माणूस बोलला. लाल स्टारपाशी त्या मुलाने स्वतःच्या प्रणालीतला रकाना सांगितला, कसा झाला ते सांगितलं, आणि काल रात्री फोन करून तो ऐच्छिक करून घेतल्याचंही सांगितलं. एक अधिकारी बराच वेळ त्या छापील पडद्यासमोर उभे होते. त्यांनी विचारलं, "या बाईंचं पुढे काय झालं?" फाईल पाठवणाऱ्या समन्वयकाने सांगितलं की प्रस्ताव फेरविचारासाठी वर पाठवलाय, निर्णय यायचा आहे. अधिकाऱ्यांनी फाईलचा क्रमांक मागून घेतला.

त्या दोन तासांत ठरलं ते थोडं होतं. तीन खात्यांच्या यापुढच्या प्रत्येक निविदेत गावासाठी लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीचा कोड सक्तीचा, स्वतःची यादी करायची नाही. पडद्यावरचा कोणताही रकाना सक्तीचा करायचा तर तो कोणत्या कायद्यातून, नियमातून किंवा शासन निर्णयातून आला ते आवश्यकतेच्या कागदात शेजारी लिहायचं. दुसरी गोष्ट वर्गातूनच आली होती, आणि मला विचाराल तर आख्ख्या वर्गाची सगळ्यात मोलाची कमाई ती. मृत्यूच्या नोंदीपासून सातबारापर्यंतच्या कडीबद्दल एक टिपणी तयार करून वर पाठवायचं ठरलं. ती मी पाहिली, चांगली झाली होती. मालकीच्या प्रश्नाला हात लागला नाही.

जे चुकलं

तलाठी वर्गात नव्हता. ही माझी चूक, आणि साधी नाही. तिसऱ्या दिवशी एका तलाठ्यांना स्पीकरवर फोन लावला तेव्हा त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं की वर्दी आली तरी वारसांच्या नावांवरून भावंडांत एकमत नसेल तर 6-क ची चौकशीच लांबते, आणि विवाहित बहिणींची नावं गाळण्याचा प्रयत्न कुठे ना कुठे होतोच. आमच्या भिंतीवर बहिणी नव्हत्याच. कडी आपोआप जोडली तर मृत्यूची खबर पोचेल, वारस कोण हे मात्र कुठलीही प्रणाली सांगणार नाही. ते माणसाने गावात जाऊन, चौकशी करूनच ठरवायचं. हे कळेपर्यंत दोन टेबलांनी वारस नोंद पूर्ण स्वयंचलित करण्याचे बाण काढून ठेवले होते. ते पुसावे लागले. तालुक्याचा ऑपरेटरही हवा होता. लाल स्टारशी रोज झगडणारा तो, आणि त्याने तो कधीच कुणाला सांगितला का नाही, हे आम्हाला कळलंच नाही.

दुसरं, बदल्या. वर्गातल्या निम्म्याहून जास्त लोकांचं टेबल दोन-तीन वर्षांत बदलेल. सल्लागार कंपन्यांचे चौघे तर कंत्राट संपलं की जातील, आणि नकाशा त्यांच्या लॅपटॉपमध्ये जाईल. म्हणून शेवटच्या दिवशी भिंतीवरचे सगळे खाकी कागद गुंडाळून आयोजक खात्याच्या आवक विभागात रीतसर जमा केले, आवक क्रमांक घेतला. काहींना ते विचित्र वाटलं. पण सरकारात जी गोष्ट आवकला लागते तिचा निदान शोध घेता येतो.

तिसऱ्या तुकडीत पहिल्या दिवसापासून एक तलाठी, एक ग्रामपंचायत अधिकारी आणि एक ऑपरेटर असेल. आयोजकांनी मान्य केलंय. त्यांच्या कार्यालयांनी पाच दिवस सोडायला हवं.

वर्ग संपून अडीच महिने झाल्यावर कृषी खात्यातल्या त्याच मुलाचा फोन आला, तो लाल स्टारवाला. एका ग्रामपंचायतीचं विभाजन होऊन नवी झाली आहे, तिच्या गावाचा कोड डिरेक्टरीत कोण चढवतं, एवढंच त्याला विचारायचं होतं. मला उत्तर ठाऊक नव्हतं. ग्रामविकासकडून वर्गात कोण आलं होतं ते आठवून तिचा नंबर द्यायला लागलो, तर तो म्हणाला, "नंबर आहे सर, आमचं बोलणं असतंच. तीच म्हणाली, तुम्हाला विचार. तिलाही माहीत नाहीये." मग आम्ही तिघांनी कॉन्फरन्सवर बसून ज्याच्याकडे ते काम आहे तो माणूस शोधला. पाऊण तास लागला. तो त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर बसत होता.